कोश्याचं पाणी

“अजून कच्चं हाये. मुरू दे.”

मावशी पाण्यात अंगठा आणि त्याशेजारचं बोट बुडवायची, बाहेर काढून ती दोन बोटं एकमेकांवर सावकाश घासायची आणि घासताना डोळे मिटायची. मग निकाल द्यायची. पाणी विहिरीचं असो की नळाचं, दोन दिवस ठेवलेलं असो की तीन, तिच्या बोटांनी हो म्हटल्याशिवाय ते माशांच्या वाट्याला जात नसे.

हे वाक्य ती पाण्यापुरतं ठेवत नसे. माझा पहिल्या सेमिस्टरचा निकाल वाईट लागला तेव्हा आई रडली, बाबा गप्प झाले आणि मावशी म्हणाली, “मुरू दे.” शेजारच्या नव्या सुनेच्या वरणाला चव नाही अशी तक्रार आली तेव्हाही तेच. “नवी हाये बाप्पा. मुरू दे तिले.”

ती माझी सख्खी मावशी नव्हे. आमचं गाव जवाहरनगरच्या वाटेवर आहे. आमची धानाची शेती, घर गावाच्या टोकाला, आणि तिथूनच कोष्ट्यांचा, म्हणजे विणकरांचा, मोहल्ला सुरू होतो. त्यातलं पहिलं घर मावशीचं. आता त्या घराला कुलूप असतं. मावशी लेकीकडे सानगडीला राहायला गेली, मासे घेऊन गेली. सकाळी भंडाऱ्याची बस पकडायच्या आधी मी त्या ओट्यावर दोन मिनिटं बसते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वर्गात काही विचारायचं म्हटलं की अजून माझा हात अर्ध्यातून खाली येतो. लिहिण्याचं तर विचारूच नका. पण तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस राहून गेलं असेल, ज्याच्या दारातून तुम्ही जसे आत गेलात त्यापेक्षा वेगळे होऊन बाहेर आलात. म्हणून हे लिहिते आहे.

मावशीनं चाळीस वर्षं कोशातून धागा काढला. कोसे, म्हणजे टसर रेशमाचे कोश, उकळायचे, मऊ करायचे आणि मांडीवर तळहातानं वळत वळत त्यातून धागा ओढायचा. विणायचं काम तिच्या नवऱ्याचं. त्यांच्या घरात मागावर बाई बसत नसे. मागासमोर जमिनीत गुडघाभर खड्डा असतो, विणणारा त्यात पाय सोडून बसतो. मावशीनं त्या खड्ड्याच्या काठावर बसून धाग्याच्या कांड्या भरल्या, पण चाळीस वर्षांत पाय कधी आत सोडला नाही. नवरा गेला, माग मोडून विकला. खोलीत उरला तो खड्डा. मावशी जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरांत धुणीभांडी करू लागली.

तिथल्या एका साहेबांना मासे पाळायचा नाद होता. त्यांची बदली झाली. जायच्या दिवशी त्यांनी मावशीच्या हातात दोन काचेच्या बरण्या दिल्या, एकीत नर, दुसरीत मादी. “आंटी, ये आप रख लो. लेकिन एक साथ मत रखना, एक-दूसरे को मार डालेंगे.”

हा किस्सा मावशी नेहमी सांगायची आणि शेवटी एक वाक्य जोडायची. “मी म्हटलं, साहेब, यात नवीन काय हाये? आमच्या मोहल्ल्यात सात घरी असंच हाये.”

मी प्राणिशास्त्र घेतलं आहे हे कळल्यावर तिनं मला बोलावलं. “ये वं, तुह्या पुस्तकात हा हाये का पाह्य.”

बेट्टा, म्हणजे लढाऊ मासा, मी आधी पाहिला होता. भंडाऱ्याच्या दुकानात प्लास्टिकच्या ग्लासांत ठेवलेले असतात, अंगठ्याएवढे. मावशीच्या बरणीतला मासा माझ्या मनगटापासून बोटांच्या मुळापर्यंत येत होता. पाण्यात बदामाचं वाळकं पान टाकलेलं, त्यामुळे पाणी चहासारखं. त्या चहातून तो हळूहळू वर आला, माझ्याकडे एका डोळ्यानं पाहिलं, आणि मग एकदम कल्ले फुलवले, पंख ताणले. साडीची घडी झटकून उलगडावी तसं काहीतरी झालं. मी मागे सरकले.

“भेली ना ती,” मावशी माशाला म्हणाली. “बस झालं आता. घरचीच हाये.”

तिनं दोन बोटं पाण्यात धरली. मासा पंख मिटून आला आणि त्या बोटांवर आडवा टेकला. मावशीनं डोळे मिटले. किती वेळ दोघं तशीच होती.

“जायंट बेट्टा म्हणतेत याले,” मी शेवटी म्हटलं.

“आम्ही कोश्या म्हणतो. रंग पाह्य ना त्याचा. असल कोसा.”

मी वाकून पाहिलं. कोसा म्हणजे मधासारखा पिवळसर. मला तो पांढरा वाटत होता. पानाच्या पाण्यामुळे पिवळट, पण आत पांढरा. मी चाचरत म्हटलं, “मावशी, पांढरा वाटते मले.”

“तुह्या डोयात कचरा गेला असंन,” मावशी हसली. तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या दुधाळ दिसत होत्या. मोतीबिंदू चांगलाच पिकला होता. मी पुढे काही बोलले नाही. जिनं चाळीस वर्षं कोसा पाहिला तिला रंग सांगणारी मी कोण?

मावशीला एकच ध्यास होता. कोश्याची पिल्लं वाढवायची. साहेबांनी जाताना सांगितलं होतं की हा मासा तीन वर्षांच्या वर जगत नाही, आणि एवढ्या आकाराची पिल्लं घरी वाढवणं सोपं नाही. “त्याची तीन वर्ष संपाच्या आधी त्याचं कोनी मांगं राहिलं पाहिजे,” ती म्हणायची. “आन् मले ते पाहाचं हाये.”

तिनं पिल्लांच्या टबसाठी जागा निवडली ती मागाच्या खड्ड्याची. मला हसू आलं होतं, पण मी कॉलेजातून थर्मामीटर आणून तिथं आठवडाभर ठेवला आणि हसू गेलं. बाहेर ऊन-थंडी काहीही असो, खड्ड्यातला पारा जवळपास जागचा हलत नव्हता. “त्याहीचे पाय इथं चाळीस वर्ष होते,” मावशी म्हणाली. “उन्हाळ्यात थंडे, हिवाळ्यात गरम. मी वरतून पाहत होती. मले माहीत नाही का?” टब ठेवायला ती स्वतः खड्ड्यात उतरली. पहिल्यांदाच. काठावर बसून पाय आत सोडले आणि दोन क्षण तशीच बसली. मग म्हणाली, “लय गार नाही. लय गरम नाही. बेस हाये.”

कोश्यानं टबच्या कोपऱ्यात तोंडानं फेसाचं घरटं बांधलं. मग आम्ही मादीला सोडलं. दोन तास त्यांची पळापळी आणि चावाचावी चालली. मावशी काळजीनं पुन्हा पुन्हा विचारत होती, “मारत त नाही ना?” तिला हालचाल दिसे, बारीक काही दिसत नसे. मग एकाएकी तो मादीभोवती कमानीसारखा वळला आणि दोघं तशीच थिजली. तिच्या खालून खसखशीसारखे दाणे सुटले.

“सांग वं, काय करून राहिला?”

वर्गात तोंड न उघडणारी मी, त्या खड्ड्यावर पालथी पडून बोलत सुटले. “अंडी पडली. तो खाली गेला. तोंडात उचलली. वर नेली. फेसात लावली. पुन्हा खाली. मावशी, एक सुटलं!”

“तो सोडत नाही. नीट पाह्य.”

तो खरंच परत गेला. तळाशी गेला, ते एक उचललं, वर आणलं. मग मादीला आम्ही काढून घेतलं, कारण त्यानंतर तो तिला जवळ येऊ देत नाही. दोन दिवस तो काही खात नव्हता. अंड्यांतून पिल्लं निघाली, शेपट्या खाली करून फेसाला लटकली. एखादं निसटून खाली जाई, की हा जाऊन उचले. त्या तोंडानं दुसरा नर असता तर फाडला असता. त्याच तोंडात तो केसाएवढं पिल्लू धरत होता.

“बापच करते सगळं,” मावशी म्हणाली. “आमचे हे त पोरगी झाली तवा आठ दिवस तिले हातात घ्यायले भेत होते. म्हणत, धागा हाये, तुटंन.”

पिल्लं पोहायला लागली तशी मी मोजायचा प्रयत्न केला. साठाच्या पुढे चुकत गेले. मावशीनं साठ हा आकडा मोहल्लाभर सांगितला. पिल्लं मोकळी पोहू लागली की बापाला बाजूला काढावं लागतं, तो त्यांना खाऊही शकतो. कोश्याला काढताना मावशीनं त्याची माफी मागितली.

तिसऱ्या दिवशी सगळी पिल्लं तळाशी होती.

मी कॉलेजातून येऊन पाहिलं तेव्हा मावशी खड्ड्याच्या काठावर बसलेली. “हालत नाहीत ना?” तिनं विचारलं. मी बोटानं पाणी ढवळलं, एकही हललं नाही. टबमध्ये त्या सकाळी नवीन पाणी घातलं होतं, मावशीनं खास मुरवलेलं. ते तिनं अंगणातल्या मातीच्या डेऱ्यात तीन दिवस ठेवलं होतं. मातीत पाणी चांगलं राहतं, हे तर आपण सगळेच मानतो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात हात वर केला. पूर्ण. सरांकडून लिटमसचे कागद मागितले. त्या डेऱ्यातल्या पाण्यात लाल कागद बुडवला, तो निळा झाला. पाणी आम्लारीधर्मी होतं. मी धावत मावशीला दाखवायला गेले. तिनं कागदाकडे पाहिलंही नाही.

“त्या डेऱ्यात आम्ही कोसे सोड्यात भिजवत होतो,” ती म्हणाली. “चाळीस वर्ष. माती सगळं पेते.”

डेऱ्याच्या बाहेरच्या अंगावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसत होतं. ती बुरशी नव्हती, सोडा होता.

“तुह्या कागदाच्या पयले माह्या बोटाले समजलं होतं वं. गुळगुळीत लागलं होतं पानी. पन मी म्हटलं, आपलाच डेरा हाये.” मग म्हणाली, “यातच चाळीस वर्ष मी किडे घातले. उकळलेल्या कोशात किडा असते, मेलेला. कधी मोजले नाहीत. हे त तू मोजले होते.”

तिनं डेरा उचलून अंगणात उपडा घातला. अजून तो तसाच आहे.

कोश्या आता मंद झाला होता. शेपटीची किनार विरली होती. मावशीनं दोन महिने त्याला जपलं, मच्छरांच्या अळ्या वेचून खाऊ घातल्या आणि ऐन पौषात म्हणाली, “आता नाही त कधीच नाही.”

पुन्हा फेस, पुन्हा कमान, पुन्हा मी पालथी. या वेळी अंडी कमी होती आणि कोश्या दर खेपेला दमून थांबत होता. पण एकही दाणा तळाशी राहिला नाही. पाणी विहिरीचं, घागर तांब्याची नाही, ॲल्युमिनियमची नाही, नवी प्लास्टिकची बादली. मावशी दिवसातून चार वेळा बोटं घासायची. पिल्लांच्या खाण्यासाठी आमच्या शेतातली औषध न मारलेली तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पाण्यात कुजत ठेवली होती. तिचा वास असा यायचा की आई म्हणायची, “कावं, तुमी मासे पोसता का ढोरं?” त्या पाण्याचा एक थेंब मी कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. चपलेच्या आकाराचे जीव सुसाट धावत होते, एकमेकांना धडकत होते. मी मावशीला सांगितलं.

“म्हंजे जत्राच भरली हाये म्हन!” ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून पिल्लांना खायला घालताना म्हणायची, “घ्या बाप्पा, जत्रा आली.”

पुढच्या महिन्यात भंडाऱ्याला डोळ्यांचं शिबिर होतं. लेकीनं सानगडीहून फोन केला, नाव लिहून ठेवलं होतं. नेमका तो पिल्लांचा तिसरा-चौथा आठवडा. त्या दिवसांत ही पिल्लं पहिल्यांदा पाण्याबाहेरची हवा घ्यायला वर येतात. वरची हवा पाण्याइतकीच उबदार लागते. थंड झुळूक लागली तर जातात. मावशीनं टबवर काच ठेवली, काचेवर वाकळ टाकली आणि लेकीला सांगितलं, “मी येत नाही.”

लेक फोनवर ओरडली. मलाही ऐकू आलं. “आई, तुले मासे दिसत तरी हायेत का वं?”

“नाही,” मावशी म्हणाली. “म्हनून त सोडता येत नाही ना. दिसत असते त दुरून राखले असते.”

वाकळीची कड जराशी उचलून ती कान लावायची. पिल्लांचा आवाज येत नाही हे मला पुस्तकानं शिकवलं होतं. मी ते तिला सांगितलं नाही.

एकोणीस वाचली. अडीच महिन्यांत ती माझ्या अर्ध्या बोटाएवढी झाली आणि नर एकमेकांवर धावून जाऊ लागले. मग मावशीनं एकेकाला वेगळ्या बरणीत ठेवलं, आणि बरण्यांच्या मध्ये साडीच्या घडीत घालतात ते पुठ्ठे उभे केले, एकमेकांना दिसू नयेत म्हणून. एवढं झाल्यावर ती पुढच्या शिबिराला तयार झाली. ऑपरेशननंतर महिनाभर लेकीकडे राहायचं होतं. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. जाताना तिनं माझी बोटं पाण्यात बुडवून घासायला लावली. “काय लागते?”

“पाणी लागते,” मी म्हटलं.

“कच्ची हायेस. मुरशील.”

ती गेल्यावर बाराव्या दिवशी कोश्या गेला. सकाळी बदामाच्या पानावर टेकून होता, जसा तिच्या बोटांवर टेकायचा तसा. ज्याची पानं आम्ही वेचून आणायचो, शाळेच्या आवारातल्या त्याच बदामाखाली मी त्याला पुरलं. मावशीचा रोज फोन यायचा, “कोश्या कसा हाये?” मी म्हणायचे, “आराम करून राहिला.” इतकं खोटं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. पिल्लांना मात्र मी रोज अळ्या दिल्या, पाणी बदललं. बरण्यांत आता पान नव्हतं. पाणी स्वच्छ होतं.

मावशी चैत्राच्या शेवटी आली. काळा चष्मा. दारातच थांबली.

“भितीले निळा रंग कोनं देला?”

“निळाच होता मावशी. आधीपासून.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “तुह्या तोंडावर इतक्या पुटकुळ्या होत्या का वं?” मी हसले, तीही हसली. मग ती पुठ्ठ्यांपाशी गेली, एक पुठ्ठा बाजूला केला. मधला नर फुलला. बापाच्या निम्म्याहून मोठा झाला होता, आणि पांढराशुभ्र. नुकत्याच उमललेल्या मोगऱ्यासारखा.

मावशीचं हसू गेलं. तिनं दुसरा पुठ्ठा काढला, तिसरा काढला.

“हे कोनाचे हायेत?”

“कोश्याचे.”

“कोश्या कुठी हाये?”

मी सांगितलं. बदामाचं झाड सांगितलं, दिवस सांगितला. तिनं ऐकून घेतलं. मग अगदी हळू म्हणाली, “आन् माही पिल्लंही मेली. खरं सांग. मले वाईट वाटंन म्हनून तू बाजारातून हे आनून ठेवले. माहे कोशासारखे होते. हे त बगळ्यासारखे हायेत.”

अडीच महिने वाकळ, तणस, थर्मामीटर, सगळं डोळ्यांसमोर आलं. “मावशी, कोश्या पांढराच होता,” एवढंच म्हणता आलं.

“मंग मले सांगतलं काहून नाही?”

“सांगतलं होतं एकदा. मंग... मले वाटलं, तुले जास्त कळते.”

बाहेरून कारखान्याची बस गेली. मग मावशीनं काळा चष्मा काढून माझ्या हातात दिला, डोळे मिटले आणि मधल्या बरणीत दोन बोटं धरली.

त्या नरानं पंख मिटले. बोटांभोवती एक चक्कर मारली. मग हळूच आडवा झाला आणि त्या दोन बोटांवर टेकला.

आता मला ठाऊक आहे की बेट्टा मासे हाताला सवयीनं येतात. महिनाभर मी त्यांना अशाच दोन बोटांनी अळ्या भरवल्या होत्या. परीक्षेत हे उत्तर बरोबर आलं असतं. पण मावशीच्या बोटांनी तिथं काय ओळखलं हे मला सांगता येत नाही.

“हं,” मावशी म्हणाली. डोळे मिटलेलेच. “त्याचाच हाये हा. अंग तेच हाये.”

मग तिनं डोळे उघडले. बोटांवर टेकलेल्या माशाकडे पाहिलं, पार जवळ जाऊन, नाक काचेला लागेपर्यंत. लहान मूल नवीन अक्षर वाचतं तशी म्हणाली, “पांढरा.”

थोड्या वेळानं पुन्हा, “पांढरा होता वं तो.”

तिच्या नव्या डोळ्यांत पाणी येऊन राहिलं होतं. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून सांगितलं होतं, मी चष्मा पुढे केला. तिनं तो घेतला नाही. बोटं पाण्यात तशीच ठेवून ती म्हणाली, “राहू दे. डोये अजून कच्चे हायेत. मुरू दे त्याहीले.”